इंजिन तू तिरकं ठेवलं नव्हतंस

अनंता, तुझं पार्सल आलं. तू गेल्याच्या आठव्या दिवशी. पोस्टमनने दारात उभं राहून तुझं नाव पुकारलं, आणि वहिनी बाहेर आल्या. सही त्यांनी केली आणि मला फोन लावला. "मेस्त, तेंचो आवाज इलो," म्हणाल्या. आवाज म्हणजे डिकोडर, तुझ्या छोट्या इंजिनांत बसवायचा. तुमच्या घरात त्या नखाएवढ्या चकतीला दुसरं नाव कधी नव्हतंच. हे मला ठाऊक होतं, तरी फोन ठेवल्यावर मी खुर्चीतून उठलो नाही कितीतरी वेळ.

बारावा झाला की या, असं त्या म्हणाल्या होत्या. तो काल झाला. आज सकाळी मी डिचोलीहून स्कूटर काढली आणि इब्रामपूर, हळर्ण करत पेडण्याला आलो. हो, त्याच रस्त्याने. म्हापशावरून ये, रस्ता बरा आहे, असं तू दर खेपेला सांगायचास आणि मी दर खेपेला ऐकायचो नाही. आता तर सांगायलाही कोणी नाही, म्हणून आणखीच हळू आलो.

तुमच्या वाचनालयाच्या लोकांनी तुझ्यावर चार शब्द मागितलेत. नोकरी किती वर्षं केली, स्वभाव मनमिळाऊ होता, असलं काहीतरी. मनमिळाऊ! तू! दिवसातून तीनदा भांडल्याशिवाय तुला अन्न पचायचं नाही. त्यांना काय द्यायचं ते देईन. हे मात्र तुझ्यासाठी लिहितोय, कारण मला तुझी माफी मागायची होती. दोन वर्षं मागायची होती, आणि उद्या मागू, पुढच्या ऐतवारी मागू करता करता तू चालता झालास.

तू पहिल्यांदा दुकानात आलास ते आठवतं? मी दुकान बंद करायच्या बेतात होतो. माझी बायको शालन जाऊन चार महिने झाले होते. रेडिओ, टीव्ही दुरुस्त करून घ्यायला आता कोण येतो? बिघडला की फेकतात. मी आपला सकाळी शटर वर करायचो, कारण घरात बसलं की तिची खुर्ची दिसायची. तू टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलंस. मला वाटलं जुना ट्रान्झिस्टर असेल. उघडलं तर वीतभर लांबीचं डिझेल इंजिन.

"ह्याका आवाज घाल," तू म्हणालास.

"अरे, ह्या खेळणां," मी म्हटलं.

"खेळणां तुझो बापूस!"

दुकानात पाय ठेवून तुला दोन मिनिटंही झाली नव्हती. मी शालन गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा हसलो. तुला हे मी कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

मग तू बसून सगळं सांगितलंस. तीस वर्षं डिझेल इंजिनं चालवलीस. घर असं बांधलंस, की बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीचा आवाज थेट पडवीत यावा. मालगाडी चढावर जोर लावायची तेव्हा वहिनींच्या कपाटातली भांडी वाजायची, आणि त्यावरून कुठला ड्रायव्हर आहे ते तू ओळखायचास. मग रुळांवर विजेच्या तारा आल्या. नवी इंजिनं गुपचूप जायला लागली. "मांजरां रे ती. कधी इली, कधी गेली, कळना," तू म्हणालास. भांडी वाजायची थांबली आणि तुझी दुपारची झोप गेली. लोकांची आवाजाने जाते, तुझी आवाज नसल्याने गेली.

तुझ्या कोणा जुन्या सोबत्याने परदेशातून ते इंजिन पाठवलं होतं, आणि सोबत तो डिकोडर. रुळातून येणारा हुकूम ऐकायचा, मोटर फिरवायची, दिवे लावायचे आणि वर खऱ्या डिझेलचा आवाज काढायचा, एवढी कामं ती चकती करते. तिला केसासारख्या आठ-नऊ वायरी. लाल-काळी रुळाकडे, नारिंगी-करडी मोटरकडे, बाकीच्या दिव्यांना आणि स्पीकरला. त्या जोडायला म्हापशात कोणी तयार होईना. कोणीतरी तुला सांगितलं, डिचोलीत एक म्हातारा मेस्त, रेडिओचा मिस्त्री, आहे, डोळे अजून बरे आहेत, तोंड मात्र वाईट. तू म्हणालास, तोंड वायट असलेलोच माका व्हयो.

तेव्हापासून दर ऐतवारी मी तुझ्याकडे. तुझ्या खोलीत खिडकीखाली ती मोठी फळी, तिच्यावर रूळ, बोगदा, स्टेशन. पोदेराकडचे गरम पाव वहिनी रुमालात बांधून ठेवायच्या. आपण इंजिनाचं वरचं कवच काढायचो, आणि भांडणाला सुरुवात व्हायची.

पहिलं भांडण स्पीकरवरून. जुन्या मोबाइलमधला चौकोनी स्पीकर मी काढून आणला होता. त्याला मागून डबा हवा, आणि डबा चारी बाजूंनी घट्ट बंद हवा, नाहीतर पुढचा आवाज मागच्या आवाजाला खातो. तुला हे पटेना. "आवाजाक कोंडून कित्या ठेवतंस?" मग मी एकदा डबा उघडा ठेवून लावून दाखवला. इंजिनाने घोगऱ्या बेडकासारखा आवाज काढला. तू म्हणालास, "कोंड, कोंड त्याका!" हरलास तरी हुकूम तूच सोडलास.

दुसरं भांडण घंटेवरून. त्या आवाजात परदेशी पद्धतीची घंटा होती. स्टेशन आलं की टण टण टण. तू कानावर हात ठेवलेस. "आमच्या इंजिनाक घांट खंयची रे? देवळात इलंव काय आपण?" मी गाडी चालवायच्या कंट्रोलरवरचे आकडे बदलून तिचा आवाज शून्यावर आणला, तेव्हा कुठे तुझा जीव थंड झाला.

आणि तुझं ते तोंडाने इंजिन करून दाखवणं! मूठ पहिल्या नॉचला, पहिल्या खाचेला आली की असं, चौथ्याला असं, आठव्याला असं. गाल फुगवून ढगढगढग, आणि वर नाकातून ती टर्बोची शीळ. शेजारच्या बाईने एकदा येऊन विचारलं, भाऊंना दमा आहे का म्हणून. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मी मात्र तुझ्या तोंडाचा आवाज आणि डिकोडरचा आवाज जुळेपर्यंत आकडे बदलत बसायचो. जुळला की तू डोळे मिटायचास आणि काहीच बोलायचा नाहीस. तुझ्या गप्प बसण्यासाठी मी किती खटपट केली असेन, विचार कर.

शालनच्या वर्षश्राद्धाला मी कोणालाही बोलावलं नव्हतं. भटजी गेले, आणि मी एकटा पानापुढे बसलो होतो, तेवढ्यात दारात तू. हातात टॉवेल. "पुढचो दिवो लागना." मी इंजिन उघडलं. दिव्याची वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती, अगदी स्वच्छ, कात्रीने. मी तुझ्याकडे पाहिलं, तू भिंतीकडे पाहत होतास. तुझं पान वाढलं, तू जेवलास, संध्याकाळपर्यंत बसलास. जाताना म्हणालास, "दिवो बरो लायलंस." त्या दिवशी तू आला नसतास तर माझं काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही.

एक भांडण मात्र मिटलंच नाही. तुझं म्हणणं, कंट्रोलरची मूठ फिरवली की आधी इंजिनाचा आवाज चढला पाहिजे, मग मोजून चार-पाच सेकंदांनी चाकं हलली पाहिजेत. माझं म्हणणं, मूठ फिरवली की गाडी चालली पाहिजे, नाहीतर माणसाला वाटतं बिघडली. "तीन डबे ओढूक कसली रे तयारी?" मी म्हटलं. "तुका तीन दिसतत," तू म्हणालास. "माका अठ्ठावन्न वाघिणी दिसतत. लोखंडाची माती भरलेल्यो. त्या हलवूच्या आधी इंजिन दम घेता. तुका कळूचा नाय, तू जल्मभर खुर्चेत बसान काम केलंस." हे मला लागलं. आणि त्याच दिवशी ते घडलं. तू मिळवलेल्या एका जुन्या इंजिनात मी नवा डिकोडर बसवत होतो.

माझा एक नियम होता, तुला पाठ होता. आधी मीटर, मग रूळ. जुन्या इंजिनांत मोटरला वीज पोचवणारा खालचा ब्रश तांब्याच्या पट्टीने थेट सांगाड्याला टेकलेला असतो. तो सांगाड्यापासून तोडायचा, मध्ये टेप लावायची, मीटरने पाहायचं, आणि मगच इंजिन रुळावर ठेवायचं. तो ब्रश टेकलेला राहिला, तर रुळातली वीज उलट्या वाटेने डिकोडरात शिरते आणि तो जागच्या जागी जळतो. चाळीस वर्षं हातात मीटर धरलेला माणूस मी. त्या दिवशी रागाने माझे कान तापले होते. मीटर पिशवीतून काढलाच नाही. कवचही बसवलं नाही, इंजिन तुझ्या हातात दिलं आणि म्हटलं, "घे, ठेव रुळावर, आणि हाक तुझ्या अठ्ठावन्न वाघिणी."

तू ठेवलंस. चट्ट असा आवाज आला, निळसर धूर निघाला आणि तो घाण वास. दोन महिने वाट पाहून मिळालेला डिकोडर होता तो.

आणि मी काय म्हणालो ते तुलाही आठवत असेल, मला तर रोज आठवतं. "तिरक्या ठेवलंस! हात थरथरता तर हात लावतंस कित्याक?"

तुझा उजवा हात थोडा थरथरायचा, हे खरं. चहा ढवळून कपात कुलेर ठेवलीस की ती किणकिण वाजायची. आम्ही कोणी त्याबद्दल बोलत नव्हतो. मी बोललो. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांच्या देखत बोललो. तू हात खाली घेतलास, मांडीवर ठेवलास, वर दुसरा हात ठेवलास. "तिरक्या लागला आसतला," म्हणालास. एवढंच. तू उलटून बोलला असतास, तर माझं काम सोपं झालं असतं.

घरी आणून इंजिन दिव्याखाली धरलं, आणि पहिल्या नजरेतच दिसलं. पट्टी सांगाड्याला टेकलेली. टेपचं रीळ माझ्याच टेबलावर पडलेलं. मी कपाळावर हात मारून घेतला. लगेच फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. पण डिचोलीत माझ्या कामाला कोणी नाव ठेवलेलं नाही, हे मी तुला इतक्यांदा ऐकवलं होतं, की तो नंबर काही माझ्याने लावला गेला नाही. पट्टी तोडली, टेप लावली, इंजिन तुझं तुला परत नेऊन दिलं. म्हटलं, नवा डिकोडर येईल तेव्हा सांगू. तो आला, आणि तू म्हणालास, "तूच जोड रे. माझो हात बरो ना."

त्याआधी वायरी निम्म्या तू जोडायचास, अनंता. वाकडीतिकडी जोडायचास, पण आवडीने. त्या दिवसानंतर तू सोल्डरिंगच्या कांडीला शिवला नाहीस. रुळावर इंजिनसुद्धा मला ठेवायला लावायचास. आणखी पाच इंजिनं झाली, पाचही मी केली, आणि तू शेजारी बसून नुसता वायरींचे रंग सांगायचास. दर ऐतवारी आपण जेवायला बसायचो. वहिनींनी सुंगटांचं हुमण वाढलेलं असायचं, तू आग्रह करायचास, आणि मी मनात म्हणायचो, ह्या माणसाचे हात मी काढून घेतले. जे काम त्याच्या म्हातारपणाला पुरलं असतं तेच. आणि तरी तोंड उघडायचो नाही. एवढा मी भित्रा.

म्हणून आज ठरवून आलो होतो. तुला नाही तर वहिनींना तरी सांगायचं. पार्सल फळीवर होतं, त्यांनी उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, कामाक हात लावच्या आधी एक सांगूचा आसा."

"आदी च्या घेवा," त्या म्हणाल्या. "मगे काय ता बोला."

मी चहाला हात लावला नाही. सगळं सांगितलं. मीटर काढला नव्हता, पट्टी टेकलेली होती, चूक माझी होती, आणि आळ मी त्याच्या हातावर घातला. वहिनी रुमालाची घडी घालत होत्या. घालून झाली, मग म्हणाल्या,

"तिरक्या ठेवल्यार डिकोडर जळना, मेस्त. कंट्रोलर तेवढो बंद पडता. डिकोडराच्या चोपडेत लिवलला आसा."

ती चोपडी वाचली कोणी, मी विचारलं.

"तेंनी तिसऱ्याच दिसा वाचल्यानी. डिक्शनरी घेवन. आणि तुमी इंजिन हाडून दिल्यात, तेवां उघडून बघल्यानी. नवी टेप दिसली. माका हाक मारून दाखयल्यानी. खूप हसले."

"हसलो तो?"

"हसले मगे. म्हणाले, बघ, मेस्ताची चोरी."

"मग माका बोललो कसो नाय?"

"मियां इचारलंय तेंका," म्हणाल्या. "तर म्हणाले, तेका कळला की माका कळला, तर तो लाजेन येवचो बंद होतलो. मगे ऐतवारी जेवतलो खंय? आणि माझो हात बरो नाय म्हटल्यार तेका येवकच लागतला."

अनंता, मेल्या!

मी विचारलं, मग दोन वर्षं त्याने कांडीला हातच लावला नाही? तर वहिनी उठल्या आणि स्वयंपाकघरातून मिक्सर घेऊन आल्या. त्याची वायर उलटून दाखवली. सांधा तुझाच. वाकडातिकडा, वर सोल्डरचा मोठा गोळा, मी सतरांदा सांगूनही तू कमी न केलेला. मग इस्त्री दाखवली. मग देवापुढचा दिवा. शेजाऱ्यांचा रेडिओसुद्धा तू केलास म्हणे. आणि शनिवार आला की कांडी तांदळाच्या डब्यामागे लपवायचास. "तुमची स्कूटर वळणावर वाजली, की हात थरथरूक लागा," वहिनी म्हणाल्या आणि हसता हसता रडल्या. मीही रडलो. बारा दिवसांत आलं नव्हतं ते सगळं आलं.

म्हणजे मी दोन वर्षं तुझ्यावर दया करत होतो. बिचाऱ्याचे हात गेले, आपण जोडून देऊ. आणि तू पलीकडे बसून माझ्यावर दया करत होतास. बिचाऱ्याची बायको गेली, ह्याला काम देऊ, ह्याला जेवू घालू. आवडीचं काम तू माझ्यासाठी सोडून बसलास, आणि वर माझा खोटेपणाही पोटात घातलास. मला राग येतो तुझा. तोंडावर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? महिनाभर आलो नसतो फार तर. मग आलो असतो. आलो असतो की नाही? तू म्हणशील, नसता आला. मला वाटतं, तुझंच खरं असेल.

चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यायलो. मग पार्सल उघडलं. नवा डिकोडर तू पुढच्या इंजिनासाठी मागवला होतास, त्यातच जोडला. पट्टी तोडली, टेप लावली, मीटर तीनदा लावला. कवच बसवलं आणि वहिनींना म्हटलं, तुम्ही ठेवा रुळावर.

त्यांनी इंजिन दोन्ही हातांत घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम तिरकं ठेवलं. एक चाक रुळावर, एक बाहेर. कंट्रोलर पिक करून बंद पडला. बाकी काही झालं नाही. ना धूर, ना वास. "बघल्यात?" त्या म्हणाल्या. मग इंजिन सरळ केलं, कंट्रोलर चालू केला, आणि तुझं डिझेल त्या खोलीत धडधडायला लागलं. आम्ही दोघं उभे राहून ऐकत होतो. वहिनींचा हात फळीवर होता. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, बंद करू नकात, वाजांदे.

मी मात्र वाकून त्या इंजिनाला सांगितलं. मोठ्याने सांगितलं, वहिनींना ऐकू जाईल असं. तू तिरकं ठेवलं नव्हतंस. चूक माझी होती. सत्तर वर्षांच्या जन्मात मी पहिल्यांदा कोणापुढे चूक कबूल केली अनंता, आणि नेमका तूच घरात नव्हतास.